राजे पुष्कळ, मरायला कुणी नाही

कतारमधल्या अल खोरच्या आमच्या मराठी बायकांच्या नाटकात दर वर्षी एकाच गोष्टीवरून भांडण व्हायचं. महाराज कोण होणार? मावळा व्हायला तशी कुणाची ना नसे, पण मावळा झाल्यावर प्रत्येकीला वाटायचं, माझ्यात काय कमी होतं? मी तिथे गेले त्याच्या आदल्या वर्षी तर म्हणे दोन महाराज एकदमच स्टेजवर आले. दोघींना दाढ्या, दोघींच्या हातात तलवारी, आणि समोर बसलेल्या दोघींच्या नवऱ्यांनी त्यानंतर एकमेकांशी बोलणं टाकलं. कंपनीच्या एकाच बसने, एकाच बाकावर बसून दोघं रास लाफानच्या गॅस प्लँटवर जायचे, तरी.

हा किस्सा मला सांगितला गेला तेव्हा मी हसले नाही. मी तेव्हा हसत नसे. मी तेव्हा एम. ए. होते.

तेही इतिहासात, आणि तोही असा तसा इतिहास नव्हे. माझा विषय होता ऑस्ट्रोगॉथ राजे. रोमचं पश्चिमेचं साम्राज्य कोसळल्यावर इटलीवर राज्य करायला उत्तरेकडून आलेली ही टोळी. त्यांचा एक थोर राजा पुष्कळ वर्षं नीट राज्य करून म्हातारा होऊन मेला, आणि त्यानंतर जे गादीवर बसले ते बसले न बसले तोच कापले गेले. पुण्यापासून भूमध्य समुद्रापर्यंत या राजांची नावं क्रमाने सांगू शकणारी बाई आपण एकटीच, याचा मला फार अभिमान होता. ती नावं मला आजवर कुणीही विचारली नव्हती, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली.

नवऱ्याला गॅसच्या प्लँटवर नोकरी लागली म्हणून आम्ही अल खोरला आलो. लेक सहा वर्षांची. नवरा उजाडायच्या आत बसने जायचा, अंधार पडता पडता यायचा. मधल्या वेळात मी खिडकीतून बाहेर बघायचे. बाहेर समुद्र होता, होड्या होत्या, मासळी होती, माणसं होती. मला मात्र वाळू तेवढी दिसायची. "इथे संस्कृती नाही," हे वाक्य मी रोज संध्याकाळी नवऱ्याच्या ताटात भाजीबरोबर वाढत असे.

अशात पुण्याहून माझ्या जुन्या विभागप्रमुखांचा फोन आला. कॉलेजात जागा निघाली होती, जूनपासून रुजू व्हायचं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, "मी आणि लेक परत जातो." तो जेवत होता. घास तसाच धरून म्हणाला, "वार्षिक कार्यक्रम तोंडावर आलाय. तो होऊ दे. तोवर बघ करमतंय का. नाहीच करमलं तर मी अडवणार नाही."

मग मी माझ्याशी एक पैज लावली. आता आठवली की माझंच मला हसू येतं. या बायकांकडून एक दर्जेदार नाटक करून घ्यायचं. दर्जेदार झालं तर राहायचं. नाही झालं तर समजायचं की इथे आपलं कुणी नाही, आणि विमानात बसायचं. 'दर्जेदार' हा शब्द मी तेव्हा दिवसातून इतक्यांदा वापरायचे की लेकीला वाटायचं ते एखाद्या बिस्किटाचं नाव आहे.

पैजेची गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, एकटी भाभी सोडून. भाभी खालच्या मजल्यावरची, रत्नागिरीची. तिचा नवरा बंदरावर क्रेन चालवायचा. संध्याकाळी ती मला ओढून किनाऱ्यावर न्यायची आणि होडीवाल्याशी मराठी, हिंदी, अरबी एकत्र कालवून भांडून मासळी घ्यायची. तिच्याशी बोलताना मला आपण फार मनमोकळ्या आहोत असं वाटायचं. खरं तर बोलायची ती, आणि मी तिचं व्याकरण मनातल्या मनात सुधारत असायचे. मी पुण्याच्या नोकरीचं सांगितलं तेव्हा ती माशाचे कल्ले उचकटून बघत होती. म्हणाली, "बघू." मासा परत टोपलीत टाकला आणि दुसरा उचलला. मला वाटलं, तिला काही फरक पडत नाही.

नाटकाची बैठक मॅडमच्या हॉलमध्ये झाली. मॅडम म्हणजे मोठ्या साहेबांच्या बायको, नागपूरकडच्या. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, पण हे दुसरं मला उशिरा कळलं. वसईची एक नर्स होती, तिला सगळ्या सिस्टर म्हणत. ती ड्यूटीवरून तशीच पांढऱ्या कपड्यांत आली होती. भाभी होती, आणि आणखी चौघीजणी. मी उभी राहिले. बसून बोलणं मला तेव्हा जमत नसे.

"यंदा भांडणाचं कारणच मी काढून टाकलंय," मी म्हटलं. "या नाटकात आठ जणं गादीवर बसतात."

"एकदम?" मॅडमनी दचकून विचारलं. आदल्या वर्षीच्या दोन दाढ्या त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या असणार.

"एकामागोमाग एक. एक जातो, दुसरा येतो. पंचवीस-तीस वर्षांत सगळं आटोपतं."

"म्हणजे प्रत्येकीला गादी?" सिस्टरने विचारलं.

"प्रत्येकीला."

हॉलमध्ये असा आनंद पसरला की मला वाटलं आपण विद्वान तर आहोतच, पण राजकारणीही आहोत. मग मी राजे सांगायला घेतले. पहिला पोरसवदा, त्याला कुणी राज्य शिकू दिलं नाही, दारू शिकवली, तो त्यातच संपला. मग त्याची आई. तिने चुलतभावाला भागीदार केलं, आणि त्याने तिला तळ्यातल्या बेटावर कोंडून न्हाणीघरात गळा आवळायला लावला. हा चुलतभाऊ ग्रीक तत्त्वज्ञान वाचायचा आणि शेजाऱ्यांच्या जमिनी लाटायचा. पळून जाताना वाटेत त्याला अशा माणसाने गाठून मारलं, ज्याची ठरलेली नवरी याने परस्पर दुसऱ्याला देऊन टाकली होती. पुढे एक म्हातारा शिपाई. त्याने बायको टाकून राजकन्येशी बळंच लग्न लावलं, शेवटी कैद होऊन गेला. त्यानंतरच्याचं मुंडकं जेवता जेवता उडालं आणि ताटापाशी जाऊन पडलं. त्याच्या मागून आलेला पाच महिने टिकला. मग घोडेस्वारीत तरबेज असा एक, अकरा वर्षं राहिला. आणि शेवटचा, जो लढता लढता ढाल बदलायला गेला आणि तेवढ्या उघड्या क्षणी छातीत भाला बसून पडला.

मी प्रत्येकाचं नाव मूळ उच्चारासह सांगितलं. ती नावं ऐकताना बायकांचे चेहरे असे झाले जसे पासपोर्ट ऑफिसातल्या खिडकीवर होतात.

"कसलं गोत म्हणालीस तू?" भाभीने विचारलं.

"गोत नाही. गॉथ. ऑस्ट्रोगॉथ."

"तेच ता. चुलतभाऊ बहिणीला मारतो, जेवायला बसलेल्याचं मुंडकं उडवतात. ही भाऊबंदकी झाली गो. आमच्याकडं आंब्याच्या चार कलमांवरून चालते ती हीच. गोतच ता."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" मॅडमनी टाळी दिली. "ठरलं. नाटकाचं नाव 'गोतास काळ'."

मी योजलेलं नाव होतं 'पूर्व-गॉथ सत्तेचा करुण अस्त'. ते माझ्या ओठांवरच राहिलं. आता कबूल करायला हरकत नाही, दोन वर्षं ग्रंथालयात बसून मी जे पन्नास पानांत मांडलं होतं, ते भाभीने चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं होतं. तेव्हा मात्र मी म्हटलं, "शीर्षक जरा ग्राम्य वाटतं." कुणी ऐकलं नाही.

नावं कुणालाच म्हणता येईनात, म्हणून राजांनाही आमचीच नावं पडली. दारूराजा, न्हाणीराणी, तत्त्वराजा, लग्नाळू, ताटराजा, पाचमहिने, घोडेराजा, ढालराजा. तत्त्वराजा मॅडमकडे गेला, कारण त्याला मोठं भाषण होतं. पाचमहिने सिस्टरने मागून घेतला. "माझी शिफ्ट असते," ती म्हणाली, "मला छोटं राज्य द्या." ढालराजा भाभीने धरला. "सगळ्या गेल्यावर मी एकटी उरणार ना स्टेजवर? मग मला तोच दे."

आणि सर्वांत जास्त वर्षं राज्य केलेला, देखणा, उदार, शूर घोडेराजा कुणाला गेला? दिग्दर्शिकेने पुष्कळ विचारान्ती, पूर्णपणे लोकशाही मार्गाने, तो स्वतःला दिला. त्याच्यासाठी मी तीन पानी स्वगत लिहिलं. शेवटच्या लढाईआधी हा राजा दोन्ही सैन्यांच्या मधोमध घोडा नाचवतो, असा उल्लेख आहे. तो नाच मी स्वयंपाकघरात, केरसुणीला लगाम बांधून बसवत असे. लेक दारात बसून खारी खात बघायची. तिला ते स्वगत माझ्याआधी पाठ झालं.

आता खरी अडचण पुढे आली. राजा व्हायला सगळ्या तयार. मरायला कुणी नाही.

न्हाणीराणी करणारीने घरी फोनवर सहज सांगितलं, तर तिची सासू तिकडून ओरडली, "सवाष्णीनं मेल्याचं सोंग घ्यायचं? अगं, नवरा परदेशात आहे तुझा!" नवऱ्याबरोबर ती स्वतःही परदेशातच होती, पण सासूचं म्हणणं पडलं. ही बातमी फिरल्यावर ताटराजाने हात वर केले. मॅडमनी राजवस्त्र म्हणून आपली लग्नातली पैठणी काढली होती. त्या म्हणाल्या, "हिच्यात मी जमिनीवर लोळणार नाही. हवं तर उभ्याने मरते."

"सिस्टर, तुम्ही तरी?" मी म्हटलं.

"मी मेलेली दिसले तर उद्या दवाखान्यात माझ्याकडून कोण इंजेक्शन घेईल?"

मग वाटाघाटी सुरू झाल्या. ताटराजाला लांबच्या रजेवर पाठवावं. लग्नाळूचा व्हिसा कॅन्सल व्हावा. दारूराजाने "थोडं बरं वाटत नाही" म्हणून आत जावं. मी कपाळाला हात लावून बसले. मी लिहिलेलं वाक्य होतं, "सम्राटांनी इहलोकीची यात्रा संपविली!" प्रत्येक राजाच्या वेळी दोन सैनिकांनी ते गरजायचं होतं. एकीचा "इहलोकी"पाशी श्वास संपायचा, दुसरी तिथून पुढे जायचीच नाही.

तोडगा भाभीने काढला. "मेला म्हणूच नका ना. खलास म्हणा. दुकानात अंडी संपली तरी तो खलास म्हणतो. अंडी मरतात काय?"

झालं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आपल्याकडे खलास म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक, पण कतारचं खलास म्हणजे नुसतं आटोपलं, पुरे झालं. सासवांनाही त्यात काही खोट काढता येईना. ठरलं असं, की सैनिकांनी "राजा खलास!" ओरडायचं, आणि राजाने मान खाली घालून चालत आत जायचं. माझी थोर शोकांतिका आता दर दहा मिनिटांनी चपला घालून आत निघून जाणार होती. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. नवऱ्याला म्हटलं, "तिकिटांचं बघून ठेव." तो उठला. स्वतःच्या युनिफॉर्मला इस्त्री करत बसला, जी एरवी मी करायचे.

कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी, एका क्लबच्या हॉलमध्ये होता. तिथल्या पडद्याचं आणि दिव्यांचं काम एका उंच, शांत सुदानी माणसाकडे होतं. त्याला कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं, म्हणून नवऱ्याला पाठवलं. तालमींना मी नवऱ्याला कधी येऊ दिलं नव्हतं. कलावंताचा एकांत वगैरे काहीतरी माझ्या डोक्यात होतं. त्यामुळे संहितेत काय आहे याचा त्या बिचाऱ्याला पत्ता नव्हता. तो त्या माणसाला म्हणाला, "फिनिश होगा तब परदा."

"यू से खलास, आय क्लोज?"

"हां हां. खलास बोलेंगे."

दोघांनी हात मिळवले, आणि नवरा जेवणाची भांडी आली का बघायला निघून गेला.

नाटक सुरू झालं. दारूराजा अडखळत आला, पेला उंचावला, दोन ओळी बोलला, लटपटला. सैनिक गरजले, "राजा खलास!"

पडदा पडला. हॉलमधले सगळे दिवे लागले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतले "चांगलं केलं, आटोपशीर" म्हणत बिर्याणीकडे निघाले. मी विंगेत घोडा घेऊन उभी होते. तशीच पडद्यातून बाहेर डोकं काढून ओरडले, "रसिकहो! नाटक संपलेलं नाही! केवळ राजा संपलेला आहे!"

माझ्या आयुष्यातलं लोकांना हसवणारं पहिलं वाक्य ते. मी ते अत्यंत गांभीर्याने म्हटलं होतं.

त्या सुदानी माणसाने बाजूने विचारलं, "नो खलास?"

"नो खलास!"

पडदा वर गेला. न्हाणीराणी आली, रडली, बादलीशेजारी बसली. सैनिक ओरडले, "राणी खलास!" पडदा खाली. दिवे. या वेळी अर्ध्या हॉलने एकसुरात सांगितलं, "नो खलास!" तो माणूस गोंधळला, पण इमानदार होता. त्याला जे सांगितलं होतं ते त्याने सोडलं नाही.

आणि मग लोकांना किल्ली सापडली. मॅडम पैठणी सावरत आल्या, हात वर केला, "हे मानवी जीवना, तू म्हणजे—" इतक्यात मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "खलास." पडदा. मॅडम पडद्याच्या फटीतून बाहेर आल्या आणि पुढचं वाक्य बोलल्या. पुन्हा "खलास." तत्त्वराजा इटलीत जेवढा टिकला त्याच्या शतांशही अल खोरात टिकला नाही. लग्नाळूला तर मुंडावळ्या बांधायला वेळ दिला नाही. ताटराजाच्या पुढ्यात ताट येईपर्यंत तो गेला.

सिस्टर आली, आणि काय गंमत, तिला कुणी घालवेनाच. तिच्या वाट्याला सहा वाक्यं होती, ती संपली. सैनिकही 'खलास' ओरडायचं विसरून उभे. सिस्टरने समोर बघितलं, सगळे तिच्याकडे बघतायत, म्हणून ती म्हणाली, "प्रजाजनहो, चाळिशी उलटली असेल तर शुगर तपासून घ्या." टाळ्या. "रोज पाणी प्या." टाळ्या. "आणि दवाखान्यात आलात की रांगेत उभे राहा, मी ओळखीची आहे म्हणून मध्ये घुसू नका." एवढ्या टाळ्या मी त्या हॉलमध्ये आधी ऐकल्या नव्हत्या. सगळ्यांत छोटं राज्य मागणारी बाई सगळ्यांत लांब राज्य करून, स्वतःच "चला, माझी ड्यूटी आहे" म्हणून निघून गेली.

आता माझी पाळी. मी केरसुणीवर बसून आले. लोक गप्प झाले. मला वाटलं, आला, आपला क्षण आला, आता यांना कळेल दर्जा म्हणजे काय. मी घोडा नाचवला. थांबले. क्षितिजाकडे बघितलं. म्हटलं, "हे इटलीच्या वीरप्रसू भूमी! ज्या तुझ्या कुशीत—"

पहिल्या रांगेतून, खणखणीत, शाळेत हजेरीला देतात तसा आवाज आला.

"खलास!"

माझी लेक.

परवा अल थुमामा भागातल्या आमच्या घरी ही गोष्ट मी नातीला सांगत होते. नात आठ वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. ती इतकी हसली की सोफ्यावरून खाली आली. "आज्जी! मॉम कॅन्सल्ड यू?" तिची आई वेस्ट बेच्या ऑफिसातून नुकतीच आली होती, बूट काढता काढता म्हणाली, "तीन पानं होती गं ती. मला पुढचं येत होतं, म्हणून सांगितलं." आजही तिला त्यात काही चुकलं असं वाटत नाही. मलाही वाटत नाही. पण त्या दिवशी वाटलं होतं.

पडदा पडला आणि मी त्याच्या मागे केरसुणीवर तशीच उभी राहिले. बाहेर लोक हसत होते. मी दाढी ओढून काढली. गोंद चांगला होता, सोबत बरंच काही निघालं. मी म्हटलं, "संपलं. मी जूनच्या आधीच जाते." हे मी विशेष कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं, पण मॅडम तिथेच होत्या. पैठणीसकट जमिनीवर बसून, पोट धरून हसत होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. "जाते म्हणजे? कुठे जाते?"

भाभी मध्ये आली. अंगावर चिलखत म्हणून बेकिंगच्या ॲल्युमिनियम फॉइलचं जॅकेट, हातात मोठी परात, परातीला कबाबच्या शिगा चिकटपट्टीने लावलेल्या. ते शत्रूचे भाले. "माझा राजा उरलाय अजून," ती म्हणाली. "मला ढाल बदलून द्यायला माणूस पायजे. ज्या पोरीला सांगितलेलं ती बिर्याणी खायला गेली. तू चल."

"मी? मी घोडेराजा होते."

"आता नायस ना? मग चल."

म्हणून मी, एम. ए., दिग्दर्शिका, अकरा वर्षांची सम्राज्ञी, दुसरी परात घेऊन ढालवाल्या नोकराच्या जागी उभी राहिले. त्या भूमिकेला एकही वाक्य नव्हतं. मीच लिहिली होती, म्हणून मला माहीत.

भाभी लढली मात्र अशी, की आजही डोळ्यांसमोर आहे. चार सैनिकांना परातीने असं काही मागे रेटलं की एक खरोखरच पडली. कुणी खलास म्हणेना. मग तिने ठरल्याप्रमाणे मागे वळून हाक मारली, "ढाल!" मी पुढे गेले. इतिहासात हा क्षण आहे. एक परात खाली जाते, दुसरी अजून वर यायची असते, छाती उघडी, आणि भाला. तालमीत इतर कुणी मरायला तयार नव्हतं तेव्हा भाभी एकटी म्हणाली होती, मी पडते, मला काय. ती पडणार होती. सैनिकाने शीग उगारून धरली होती.

भाभीने माझ्या हातातली परात धरली आणि सोडलीच नाही.

"मर आता," मी कुजबुजले.

"आधी सांग. तू र्‍हातंस का जातंस?"

"भाभी, लोक बघतायत. मर."

"बघू दे. मी नाय मरत. सांग आधी."

शीग उगारलेल्या सैनिकाने ती दुसऱ्या हातात घेतली. ती बिचारी पाळीपाळीने आमच्या दोघींकडे बघत होती. भाभीने परात माझ्याकडे परत ढकलली, जणू ही ढाल चालणार नाही, दुसरी दे. मी जुनी दिली. तिने तीही परत दिली. समोरच्यांना वाटलं फार मोठी लढाई चालली आहे.

"मासळी आणायला मी एकटी जाऊ काय?" ती म्हणाली. आवाज तसाच चढेल होता, पण फॉइलचं जॅकेट सारखं कुरकुरत होतं, तिचा श्वास धड नव्हता. "वर्षभर तू नुसती खिडकीत बसलेलीस. मी तुला खाली काढली. आता पुण्याला जातंस? जा. पण माझ्या तोंडावर सांगून जा. मी हितंच उभी हाय."

मला 'दर्जेदार' काहीतरी सुचायला हवं होतं. माझ्यापाशी तर उतारेच्या उतारे पाठ होते. एकही आठवला नाही.

"राहते!" मी म्हटलं. "राहते गं बाई मी इथेच! आता तरी मर!"

स्टेजवर वरून टांगलेले दोन माइक चालू होते, हे मला तेव्हा कळलं, कारण माझाच आवाज हॉलच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला. मग दिसला मागे, बिर्याणीच्या पातेल्याशेजारी, माझा नवरा. हातात झारा. झारा खाली ठेवायचाही विसर पडल्यासारखा त्याने तो छातीशी धरला, आणि आधी माझ्याकडे, मग त्या सुदानी माणसाकडे बघून मान हलवली, जणू त्यालाही आता सगळं समजलं असेल.

भाभी पडली. अशी पडली की फळ्या हादरल्या. आमच्या आठ राजांमधली तीच एक खरोखर मेली, आणि मेल्यावर डोळे मिटून हसत होती. मी दोन्ही हातांत दोन पराती घेऊन उभी. नोकराने पुढे काय करायचं ते मी लिहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन केला. विभागप्रमुखांना म्हटलं, "सर, मला येता येणार नाही." मनात होतं, ते हळहळतील. माझ्याशिवाय हा विषय कोण शिकवणार, असं काहीतरी म्हणतील. मी समजूत घालायची वाक्यंही तयार ठेवली होती.

"हो का? बरं," सर म्हणाले. "तसंही तुमच्या विषयाचा पेपर विद्यापीठाने यंदा काढून टाकलाय, बाई. तुम्हाला पर्यावरण शिकवायला दिलं असतं."